वळणावर काय झालं

१९ जानेवारी, मंगळवार

लेकीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दिवसभर माझ्या कानाशी भुणभुण करता, ती इथे करा. मला कामं आहेत." वही चांगली आहे, रेघांची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुका होतील. वाचणार कोण आहे म्हणा.

आधी काय झालं ते लिहितो. मी आमच्या शहराच्या फुटबॉल क्लबात बॉल सांभाळतो. हवा भरायची, पुसायचे, शिवण तपासायची, सामन्याच्या दिवशी पिशवी मैदानापर्यंत न्यायची. माझा नातू, म्हणजे लेकीचा मुलगा, त्याच क्लबाचा गोलकीपर आणि कप्तान. लोक त्याला भिंत म्हणतात. त्याचा बाप लवकर गेला, म्हणून तो माझ्या मांडीवर वाढला. आता दारातून वाकून आत येतो.

रविवारी शेवटचा सामना होता. आम्हाला बरोबरी पुरत होती, पाहुण्यांना जिंकायलाच हवं होतं. थंडी अशी की बाहेरचा नळ गोठलेला. मध्यंतराला पाहुण्यांनी तक्रार केली की बॉल मऊ आहेत, फटका पोचतच नाही. पंचांनी मैदानाच्या कडेलाच हवेचा काटा लावला. दहाच्या दहा मऊ निघाले. ते बाजूला काढून पाहुण्यांच्या बॉलांनी खेळ सुरू झाला, तरी त्यांना गोल करता आला नाही, पोराने दोन असे अडवले की पाहणारे उभे राहिले. ते आता कुणाला आठवत नाही. चषक आमच्याकडे आला आणि त्याच संध्याकाळी टीव्हीवर आजोबा आणि नातू असे दोघांचे फोटो शेजारी शेजारी लावले. माझा फोटो कुठून मिळवला कोण जाणे. त्यात मी शिंकतोय.

बॉल मीच भरले. नेहमीसारखेच भरले. सामन्याआधी पंचांनी तपासले तेव्हा ठणठणीत होते. मग हवा गेली कुठे?

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. बॉल भरायची जागा म्हणजे मैदानामागचं पत्र्याचं गोदाम. तिथे थंडीत माझी बोटं वळत नाहीत, पंपाची सुई हातातून पडते. म्हणून या हिवाळ्यापासून मी बॉयलरच्या खोलीत बसून भरतो. खेळाडूंच्या आंघोळीचं पाणी तिथे तापतं. आत बनियनवर बसावं लागतं इतकी ऊब. पण मागे एकदा एक माणूस भाजला, तेव्हापासून त्या खोलीत बॉयलरवाल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही असा कडक नियम आहे. कळलं तर माझ्याआधी बॉयलरवाला घरी बसेल. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली, राहायची खोलीही क्लबाचीच. माझ्या बोटांपायी त्याचा संसार रस्त्यावर यायचा. तेव्हा तोंड बंद ठेवायचं. बाकी याचा हवेशी काही संबंध नाही.

२१ जानेवारी, गुरुवार

आज क्लबाच्या मॅनेजरांनी मला कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं. मी पंचांच्या खोलीतून पिशवी घेऊन निघतो. पॅसेजमध्ये नातू समोरून येतो आणि माझ्या खांद्यावरची पिशवी स्वतःच्या पाठीवर घेतो. मग आम्ही वळणावर जातो. तिथे कॅमेरा नाही. पुढच्या कॅमेऱ्यात आम्ही लगेच दिसायला हवे, पण दिसत नाही. थोड्या वेळाने दिसतो.

मॅनेजरांनी विचारलं, वळणावर काय केलंत? मी सांगितलं, पोराने माझा मफलर बांधला. मी घाईत तो नुसताच गळ्यात टाकला होता. तो म्हणाला, आजोबा, घामाने भिजलात आणि बाहेर बर्फ पडलंय, आजारी पडायचंय का. दोन वेढे घेऊन हनुवटीखाली गाठ मारून दिली. मग पिशवी सावरत हसला आणि म्हणाला, "पाठ शेकून निघाली की माझी." हे शेवटचं मी मॅनेजरांना सांगितलं नाही. त्यातून बॉयलरची खोली निघाली असती.

"इतकंच?" मॅनेजर म्हणाले.

मी म्हटलं, इतकंच. त्यांनी असं तोंड केलं की मला माझ्याच मफलरची लाज वाटली.

२३ जानेवारी, शनिवार

मंत्रीसाहेब घरी येऊन गेले. ते क्लबाचे अध्यक्ष आहेत आणि निवडणूक दोन महिन्यांवर आलीय. आधी फोटोवाले आले, मग साहेब, मग आणखी फोटोवाले. लेकीने घरात होते नव्हते तेवढे कप काढले. एकाला दांडा नव्हता, तो नेमका साहेबांच्या वाट्याला आला. त्यांनी काही मनावर घेतलं नाही. नातवाच्या खांद्यावर हात ठेवायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या, तरी ठेवला. म्हणाले, "ही भिंत आमची आहे. तिला हात लावायचा तर आधी मला ओलांडून जावं लागेल."

त्यांच्या सचिव बाई दारातच उभ्या होत्या, चहाला नको म्हणाल्या. जाताना त्यांनी मला आपला नंबर दिला. काही आठवलं तर आधी मला सांगा, आजोबा, असं म्हणाल्या. आवाज मऊ आहे बाईंचा.

साहेब गेल्यावर लेक कप विसळत म्हणाली, फोटोवाले वळले तसा हातही खाली आला, पाहिलंत का? ही अशीच, चांगल्यात खोड काढते. माझी काळजी मात्र निम्मी उतरली.

२७ जानेवारी, बुधवार

काळजी चढली पुन्हा. विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याने मोर्चा काढला. बॉयलरवाला त्याला 'घसा' म्हणतो, कारण माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. पाहुणा संघ त्याच्या शहरातला. काठ्यांना फुसके बॉल बांधून दीड-दोन हजार माणसं आमच्या गल्लीतून गेली. 'वळणावर काय झालं, जाब द्या, जाब द्या.' खालच्या मजल्यावरची चिमुरडी आता तेच म्हणत दोरीवरच्या उड्या मारते.

घशाला नवा मुद्दा मिळालाय. सामन्यानंतर ते दहा बॉल क्लबाच्या ऑफिसात, मंत्रीसाहेबांच्या कपाटात कुलूपबंद केले होते. सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर काढून मोजले तर जवळजवळ ठीक निघाले. म्हणजे मंत्र्यांच्या कपाटात कुणीतरी हवा भरली, असं घसा म्हणतो. ऑफिसातला शिपाई रडकुंडीला आलाय. तो शपथेवर सांगतो की कुलूप जसंच्या तसं होतं, हीटर तेवढा बंद करायचा राहिला. त्याच्या हीटरचं इथे कुणाला पडलंय.

दुपारी बॉयलरवाल्याकडे गेलो, पण दाराबाहेरच थांबलो. तो म्हणाला, "दोन म्हातारे आणि दहा बॉल. यावर सरकार पडलं तर आपले पुतळे उभारतील लेका." मग आजूबाजूला पाहून हळूच म्हणाला, "खोलीचं नाव काढू नकोस." मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याचा हात कायम गरम असतो.

३ फेब्रुवारी, बुधवार

सरकारने चौकशी समिती नेमली. दोन्ही पक्षांची माणसं आहेत, घसाही आहे. उद्या मला बोलावलंय. आरशासमोर उभा राहून उत्तरं म्हणून पाहिली. बॉल गोदामात भरले. हो साहेब, गोदामात. नेहमी गोदामातच.

लेक मागे येऊन उभी होती. म्हणाली, "बाबा, खरं सांगायला पाठ करावं लागतं का?"

मी तिच्यावर खेकसलो. असं कधी करत नाही मी.

४ फेब्रुवारी, गुरुवार

झालं एकदाचं.

मोठी खोली, मोठं टेबल, माझ्यासमोर पाण्याचा ग्लास. प्यायची हिंमत झाली नाही, सांडलं असतं. नातू माझ्या मागच्या खुर्चीवर बसला होता. आधी शपथ दिली. मग घसा उभा राहिला. चार भिंतींच्या आतही त्याने मोर्चातल्यासारखाच आवाज लावला. आजोबाच्या हातात पंप, नातवाच्या पाठीवर पिशवी, आणखी काय पुरावा हवा, म्हणाला. मंत्रीसाहेबांच्या बाजूच्या माणसांनी बाकं वाजवून त्याला विरोध केला. मला वाटलं, ही आपली माणसं आहेत.

समितीने सल्ल्यासाठी एक प्राध्यापक बोलावले होते, विज्ञानाचे. बारीक अंगाचे, भला माणूस. त्यांचा माझ्यावर राग नव्हता, उलट माझी कणव आल्यासारखे बोलत होते. त्यांनी विचारलं, "आजोबा, बॉल भरले ती जागा कशी असते? उबदार की गार? नीट आठवून सांगा, महत्त्वाचं आहे."

मी मनात म्हटलं, यांना कुणीतरी बॉयलरच्या खोलीचं सांगितलं. मला सापळ्यात घेतायत. मी पाठ केलेलं घडाघडा म्हटलं. गोदामात भरले साहेब, पत्र्याचं गोदाम, बाहेर असते तशीच आत थंडी. नेहमी तिथेच भरतो.

"नक्की?" त्यांनी पुन्हा विचारलं. "सामन्याच्या दिवशीही?"

मी म्हटलं, शपथेवर सांगतो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. समितीकडे वळून म्हणाले, मग माझ्याकडे दुसरं कारण नाही, हवा कुणीतरी सोडलेली असणार. आणि खाली बसले. मला हायसं वाटलं. बॉयलरवाला वाचला.

मागे वळून पाहिलं तर पोराने माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर त्याला विचारलं, वळणावर काय झालं? तो म्हणाला, आजोबांचा मफलर बांधला. लोक हसले. घसा म्हणाला, मफलरची गाठ की व्हॉल्व्हची? लोक आणखी हसले. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या बाजूने सांगण्यासारखं आणखी काही आहे का? मी मनात म्हणत होतो, बोल बाबा, काहीतरी बोल, एवढा कॉलेजात गेलास. तो म्हणाला, "नाही. आणखी काही नाही."

असा कसा हा? गोलात उभा राहून दहा माणसांवर ओरडतो, आणि इथे तोंडाला कुलूप.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच्याशी बोललो नाही. त्याने सकाळी माझ्या बोटांना तेल लावून दिलं, नेहमीसारखं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मंत्रीसाहेब टीव्हीवर होते. मागे गर्दी, गळ्यात हार. म्हणाले, "माझ्या स्वतःच्या क्लबाचा कप्तान असला तरी मी गय केली नाही. मी घरापासून झाडायला सुरुवात केली." चषक परत केला. पोरावर कायमची बंदी. कुठल्याही मैदानावर, कुठल्याही क्लबात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या चॅनेलवर घसा पेढे वाटल्यासारखा हसत होता. त्याचं म्हणणं, हा त्याचा विजय. दोघं आपापल्या ठिकाणी जिंकले.

पोराचा हातमोज्यांचा जोड खुंटीवर आहे. लेकीने टीव्ही बंद केला आणि भाजी चिरायला बसली. चिरून झाली तरी सुरी चालूच होती, नुसत्या पाटावर.

हे सगळं माझ्या पापाचं फळ आहे. नियम मोडून त्या खोलीत बसलो, मित्राला गोत्यात आणलं, शपथेवर खोटं बोललो. ते असं पोरावर उलटलं. दुसरं काय कारण असणार?

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मन घट्ट केलं. सचिव बाईंच्या ऑफिसात गेलो. लेकीला बाजारात जातो म्हणालो. बॉयलरवाल्यालाही सांगितलं नाही. वाटेत दोनदा परत फिरलो.

बाईंनी बसवून घेतलं, पाणी दिलं. मी हात जोडून सांगितलं, बाई, मी समितीपुढे खोटं बोललो. बॉल गोदामात भरले नव्हते, बॉयलरच्या खोलीत भरले. नियमाबाहेरचं काम केलं. शिक्षा मला द्या, बॉयलरवाल्याला सांभाळून घ्या, आणि पोराचं काही होत असेल तर बघा.

बाईंचा पेन थांबला. त्यांनी विचारलं, "किती गरम असते ती खोली?"

मी म्हटलं, अंगातला सदरा काढावा लागतो.

"आणि तिथून थेट पंचांकडे नेलेत? आणि मग बाहेर, बर्फात?"

मी हो म्हटलं. बाईंनी उठून दार लावलं. खिडकीपाशी पाठ करून बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर साहेबांचं मोठं पोस्टर लावत होते, शिडीवरची माणसं साहेबांचा कान सरळ करत होती. मग बाई माझ्याजवळ येऊन बसल्या, अगदी लेकीसारख्या.

"आणखी कुणाला सांगितलंत हे?"

कुणाला नाही, मी म्हटलं.

"मग सांगूही नका. साहेब तुमच्यावर रागावणार नाहीत. बॉयलरवाल्याची नोकरी, खोली, सगळं तसंच राहील, माझा शब्द आहे. पण ही गोष्ट बाहेर गेली तर खोट्या शपथेसाठी तुम्हाला आत जावं लागेल आणि त्यालाही. निकाल लागून गेलाय, आजोबा. आता घरी जा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी मोठी माणसं, एवढं मोठं मन. मी वाकून त्यांच्या पाया पडायला लागलो तर त्या झटकन मागे सरल्या. चेहरा पांढरा पडला होता. दमल्या असतील, निवडणुकीचे दिवस.

पोराचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं. फाटकाबाहेर आल्यावर आठवलं.

२० फेब्रुवारी, शनिवार

पोरगा गेला. लांबच्या गावी शीतगृहात हमालीचं काम मिळालंय, मासळीच्या पेट्या उचलायच्या. इथे त्याला रस्त्याने चालवत नाही. काल पानाच्या दुकानापाशी एका माणसाने त्याला मफलर विकायला काढलाय का म्हणून विचारलं. तो उंच, लपणार कुठे?

जाताना लेकीने त्याला घट्ट धरून ठेवलं. माझ्यासमोर आला तेव्हा मी म्हटलं, समितीपुढे बोलला असतास तर ही वेळ आली नसती. तोंडातून निघून गेलं. त्याने नुसती मान हलवली. "थंडीत बाहेर बसत जाऊ नका," म्हणाला, आणि वाकून दारातून गेला. हातमोजे खुंटीवरच राहिले.

१ मार्च, सोमवार

बरेच दिवस लिहिलं नाही. क्लबाने मला कामावरून काढलं नाही, बाईंनी शब्द पाळला. पण मीच जात नाही. घरात हातांना काम नाही, ते एकमेकांना खात बसतात. आज पोराचा लहानपणचा बॉल माळ्यावर सापडला. स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसून शिवण पुसली, तेल लावलं, टणक होईपर्यंत हवा भरली. अंगठ्याने दाबून पाहिला, अगदी सामन्याला लागतो तसा.

लेक आली आणि बॉल बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाबा, हा माझ्या डोळ्यांसमोर नको." मी तो गॅलरीत ठेवून दिला.

२ मार्च, मंगळवार

काल संध्याकाळपासून पुन्हा बर्फ पडतंय. सकाळी गॅलरीत गेलो. बॉल उचलला. मऊ.

आधी वाटलं, जुना आहे, व्हॉल्व्ह गेला असेल. पाण्यात बुडवून बघावं म्हणून आत आणला आणि शेगडीशेजारी ठेवला. तेवढ्यात लेकीने भाजी निवडायला बसवलं. भाजी झाली, चहा झाला. मग बॉलकडे वळलो, अंगठा दाबला.

टणक.

पंप माळ्यावर होता. घरात आम्ही दोघंच. लेकीला विचारलं, तू हात लावलास का? ती म्हणाली, मी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

पुन्हा गॅलरीत नेऊन ठेवला. उभा राहिलो. लेक आतून ओरडत होती, दार लावा, गार वारा येतोय. बराच वेळ गेला. दाबला. मऊ. आत आणला. थांबलो. टणक. कुणी भरत नव्हतं, कुणी सोडत नव्हतं.

जमिनीवर बसून राहिलो. प्राध्यापक विचारत होते, उबदार की गार. बाईंनी विचारलं, किती गरम असते ती खोली. शिपाई बिचारा हीटर हीटर करत होता. सगळे मला एकच विचारत होते, आणि मला प्रत्येक वेळी फक्त मोडलेला नियम दिसत होता.

बाईंना फोन लावला. साहेब प्रचारात आहेत, बाई सोबत आहेत, असं सांगितलं. पुन्हा लावला. तेच सांगितलं. तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही. बॉल काखेत घेऊन बॉयलरवाल्याकडे पळत गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, आता कुणाकडे जाशील? मंत्र्याने झाडून दाखवलंय. घशाने वळणावर अख्खी निवडणूक उभी केलीय. खरं ऐकून दोघांनाही काय मिळणार? मग म्हणाला, "तरी जा तू. माझं नाव सांग. खोली गेली तर गेली." आणि बॉयलरकडे तोंड करून उभा राहिला. मी तसाच परतलो.

लेकीने पोराला फोन लावून दिला. मी सांगायला लागलो. बॉल, गॅलरी, शेगडी, बॉयलरची खोली. तो मध्ये काहीच म्हणाला नाही. आश्चर्यही वाटलं नाही त्याला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाठ शेकून निघाली म्हणाला होता.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

मागे पेट्या आपटल्याचा आवाज येत होता.

"समितीत तुम्ही गोदाम म्हणालात तेव्हा कळलं, आजोबा. त्याआधी डोक्यात आलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही शपथेवर बोलला होतात."

मी फोन खाली धरून गॅलरीत गेलो. लेकीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वयंपाकघराच्या दारात तशीच बसली. तो तिकडून हाका मारत होता, आजोबा, ऐकताय ना. मग म्हणाला, वारा ऐकू येतोय, तुम्ही गॅलरीत उभे आहात का? बर्फ पडतंय ना तिकडे? मफलर बांधलाय ना नीट?

मी हो म्हटलं. बांधलेला नव्हता.